मॅगव्हीलची हौस

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात खरीखुरी स्पोर्ट्स कार कधी कुणाच्या दारात उभी नव्हती. आयुध निर्माणीच्या वसाहतीत सायकली आणि बजाज स्कूटर, गावात एखाददुसरी फियाट, आणि १९८३ नंतर हळूहळू उगवलेली मारुती ८००. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८च्या सुमारास सॅन स्टॉर्म ही दोनच माणसांची, उघड्या छपराची गाडी काढली, तीही आम्ही फोटोतच पाहिली. आमच्यापुरती स्पोर्ट्स कार म्हणजे मॅगव्हील, आजच्या भाषेत अलॉय चाकं, बसवलेली ८००. अशी गाडी बसस्टँडवरून गेली की पोरं चहा टाकून बघायची.

तेव्हा टायर निवडणं असं काही नव्हतंच. ‘फियाटचा द्या’ म्हटलं की दुकानदार ५.२०-१४चा, ट्यूबवाला टायर काढून समोर आपटायचा. प्रश्न एकच, नवा घ्यायचा की रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला? लोखंडी डिस्कला चंदेरी रंग आणि वर चकचकीत टोपी, इथवर मध्यमवर्गाची ऐट संपायची.

त्यातून कुणाला हौस आलीच, तर मामला मिस्त्रीकडे जायचा. फियाटच्या चाकाच्या चार भोकांचं वर्तुळ ९८ मिलिमीटरचं, ८००चं ११४.३चं. मिस्त्रीला हे आकडे ठाऊक नसत, पण रिम हबला टेकवून तो लगेच मान हलवायचा. रुंद टायर चढवलाच, तर स्टेअरिंग पूर्ण कापायचं, मागे चार धट्टीकट्टी पोरं बसवायची, गाडी खड्ड्यातून न्यायची आणि टायर मडगार्डला घासतो का ते कान देऊन ऐकायचं. वर मिस्त्रीचा सवाल असायचाच, “काय भो, गाडी पयवायची का दाखवायची?”

आता जळगावच्या दुकानात भिंतभर अलॉय टांगलेले असतात आणि मोबाइलवर आपल्याच गाडीच्या फोटोला ते लावून बघता येतात. वर्तुळाचं माप, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते), हबच्या भोकाचा व्यास, सगळं छापलेलं. तरीही १०० मिलिमीटरच्या हबवर ९८ची रिम ‘बसते की’ म्हणून ठोकून देणारे भेटतात. नट तिरके बसतात आणि पुढे ढिले होतात. ऑफसेट कमी घेतला की चाक बाहेर येतं; दिसायला झोकदार, पण बेअरिंगवर ताण वाढतो.

खरं गणित बाहेरच्या घेराचं. स्विफ्ट बघा. साध्या मॉडेलला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. रिम एक इंचाने वाढली, पण टायरची भिंत तेवढीच बुटकी झाली, म्हणून दोन्ही चाकांची उंची साधारण ६२० मिलिमीटरच भरते. हौशी मंडळी १९५/५५ आर१६ टाकतात, तेही त्याच मापात. उंची वाढली तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि चाक आत घासतं ते वेगळंच. रुंदी-उंची जमली तरी टायरवरचा भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको.

जुन्या टायरांच्या जाड, उंच भिंतींची आठवण मात्र मला हौसेपोटी येत नाही. हायवे तेव्हा एकेरी होता. समोरून केळीचा ट्रक आला की आपण साइडपट्टीवर उतरायचं, आणि डांबराची कड चांगली वीतभर उंच. त्या कडेवर पातळ टायर एक दिवस टिकला नसता. आज चौपदरी रस्त्यावर १६ इंची चाक वळणाला घट्ट धरतं, स्टेअरिंग चटकन ऐकतं, हे सुख खरं आहे. पण त्याच हायवेवरून शेतशिवाराच्या रस्त्याला वळलात, तर काळ्या मातीत खचलेलं डांबर रिम वाकवतं, नाहीतर टायरच्या बाजूला फुगा आणतं. उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो तेव्हा कमी हवेचा टायर अधिकच तापतो. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना बघावी, हा जुना शिरस्ता आजही तितकाच लागू आहे.

तेव्हा निवड नव्हती, म्हणून चूकही फारशी होत नसे. आज निवड आहे, ती मला हवीच आहे. फक्त दुकानात गाडीचा फोटो दाखवता, तसाच रोजच्या रस्त्याचाही दाखवा. किती इंची चाक घ्यायचं, हे त्यावरून ठरवणं सोपं जाईल.