मिश्रवाक्य आणि सायकल

२०१९ साली गोव्यात सुरू झालेल्या 'आयर्नमॅन ७०.३' शर्यतीत १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचे! पायांचा जोर वॉटमध्ये सांगणारे यंत्र चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला कुठले परवडायला? शिरूर अनंतपाळहून निलंग्याच्या वाटेवर सराव करताना मी एक लांबलचक मिश्रवाक्य मोठ्याने म्हणतो. न अडखळता संपले, तर चाल ठीक. क्रियापदाआधीच धाप लागली, तर गिअर हलका करायचा. वेगाच्या आकड्यावर विसंबू नये. समोरून वारा सुटला की जोर तोच राहूनही वेग उतरतो. तेव्हा चेव आणून पाय दमवले, तर पुढचे धावणे म्हणजे नुसते खुरडणे. सौभाग्यवती म्हणतात, "भर रस्त्यात एकटेच बोलता, लोक काय म्हणतील?"

म्हणोत बापडे!