बांधावरची जास्वंद

करकंबला आमची दोन एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे. बागेच्या बांधावर, पहिल्या ओळीपासून जेमतेम सहा फुटांवर, मी लाल जास्वंदीच्या पाच काड्या लावल्या. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, संकष्टीला गणपतीसाठी ताजं फूल लागतं. काड्या पंढरपुरातल्या एका ओळखीच्या अंगणातून आणल्या होत्या. बेचक्यात कापसासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं होतं. बोटानं पुसलं आणि लावून टाकल्या.

दोन वर्षांत झाडं छातीला लागली. मग शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी समजले झाड उपाशी आहे. मूठ मूठ युरिया टाकला, ठिबकची एक जादा नळी सोडली. आमचं रान चुनखडीचं. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, पाणी साचलं की त्याहून कठीण. हीच पिवळी पानं वेलीवर दिसली असती, तर मी त्याच दिवशी फेरसची फवारणी घेतली असती. पण बांधावरची जास्वंद मी पीक म्हणून कधी बघितलीच नाही. युरियानं कोवळी लुसलुशीत फूट आली आणि त्या फुटीवर मिलीबग, तोच कापसासारखा किडा, बसला.

शेंडे मूठ आवळल्यासारखे गोळा झाले. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, खोडावरून मुंग्यांची रांग. संक्रांतीला हे सगळं मला दिसत होतं आणि मी घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी लगेच कुऱ्हाड घातली असती, आत्यांचं फूल बंद झालं असतं. त्यापायी मी गप्प राहिले. सगळ्या चुकांत हीच मला जास्त टोचते.

रोज सकाळी शेंडे चोळून मिलीबग मारायचे. एके दिवशी त्यांच्यात नखाएवढ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, अंगभर मेणाचे लोंबते धागे. मिलीबगच वाढलाय म्हणून एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकली. चार सकाळी हेच केलं. वर बागेसाठी आणलेलं उरलेलं कीटकनाशकही मारलं.

पुढं शेजारच्या बागेत पाहणीला आलेल्या एका ताईंना मी शेवटची उरलेली अळी दाखवली. त्या म्हणाल्या, "अहो, ही तर मिलीबग खाणारी. क्रिप्टोलेमस." मूळ ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा 1898 मध्ये मुद्दाम भारतात आणला होता. अळी मिलीबगसारखीच दिसते, पण ती भराभर चालते. मिलीबग जागचा हलतो न हलतो. चार सकाळी मी त्या अळ्या हातात घेतल्या आणि त्या बोटांवरून पळत होत्या, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जास्वंदीवरचा आणि द्राक्षातला गुलाबी मिलीबग एकच, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्याचं इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलंय. आपल्या भागातला हा किडा 1994 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर सापडला आणि तिथून आजूबाजूच्या बेटांवर पसरला. तिथं हाच भुंगेरा आणि एक बारीक परजीवी माशी सोडून तो आटोक्यात आणला.

तोवर आमच्या पहिल्या दोन ओळींत मिलीबग घडात शिरला होता. व्यापाऱ्यानं एक घड उचलला, बोटं चिकटली, खाली ठेवला. बेदाण्यालाही तो माल चालेना. खड्डा काढून पुरला. त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं, काड्या आणल्या त्या दिवसापासून. ते बराच वेळ बोलले नाहीत. सकाळी दोघांनी मिळून जास्वंद तोडली, फांद्या बागेतून न ओढता जागेवरच जाळल्या. खरड छाटणीनंतर वेलींच्या खोडांची सुटी साल काढली. तिच्याखाली पांढऱ्या गाद्या होत्या.

आता एकच जास्वंद आहे, घराच्या दारात, बागेपासून लांब. शेणखतात फेरस मुरवून घालते, पाणी माती सुकल्यावरच. आत्या फूल तोडताना प्रत्येक शेंडा उलटा करून बघतात. परवा त्यांनी तिथूनच हाक मारली, "ही पळतीया गं. हिला ठेवायची ना?"