समुद्राकडे पाठ

गुहागरच्या वाळूत समुद्राकडे पाठ करून तासन्‌तास उभा असलेला माणूस दिसला, तर तो घरच्यांशी भांडून आलाय असं समजू नका. दुपारचा खारा वारा समुद्रावरून गावाकडे सुटतो. पतंग त्याच्याबरोबर सुरूच्या रांगेवरून माडांकडे जातो आणि उडवणाऱ्यालाही तोंड तिकडेच करावं लागतं. सहाएक किलोमीटरचा देखणा किनारा, बायको-मुलं पाण्यात, आणि मी बघतोय सुरूचे शेंडे.

माझा छंद पतंगावरून फोटो काढण्याचा, त्यामुळे हा पतंग संक्रांतीचा नव्हे. तो बिचारा स्वतःला सावरेल की कॅमेरा उचलेल! हा जपानी घाटाचा, सहा कोनांचा रोक्काकू, माझ्या उंचीएवढा. मांज्याचंही इथे काम नाही. विणलेला जाड दोर आणि हातात चामडी मोजे. कॅमेरा थेट पतंगाला बांधायचा नसतो. आधी पतंग बदवायचा, वर वारा स्थिर लागू द्यायचा आणि मग बऱ्याच खाली, दोरालाच, एक लाकडी फुली अडकवायची. पिकाव्हे नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२च्या सुमारास ही युक्ती काढली. फुलीच्या चारही टोकांतून एकच दोरी अशी फिरते की दोर कितीही तिरपा झाला तरी खालचा कॅमेरा सपाट राहतो. मग ढील द्यायची. कॅमेरा दर पाच सेकंदांनी आपला आपण टिपत राहतो. काय टिपतो, ते खाली कळत नाही आणि मला तेच आवडतं. ड्रोनवाल्याला सगळं आधीच पडद्यावर दिसतं, वर त्या यंत्राची भुणभुण किनारभर.

पतंगाचा हा उद्योग जुना आहे. दक्षिण फ्रान्समधल्या लाब्रुगिएर गावी आर्थर बात्यूनं १८८८मध्ये पतंगावरून फोटो काढले. शटर अडवून धरणाऱ्या दोऱ्याला तो एक वात जोडायचा. वात पेटवायची, पतंग सोडायचा. ती जळत जळत दोऱ्यापाशी पोचली की दोरा तुटणार, शटर पडणार आणि एक कागदाची पट्टी सुटून खाली येणार. पट्टी दिसली की समजायचं, फोटो निघाला. एवढ्या खटाटोपात एक फोटो! आमच्याकडे तासाला सातशे निघतात आणि त्यातले निम्मे नुसत्या माडांचे.

याच बात्यूचा दुसरा एक नाद मला जास्त छळतो. एकाच काचेवर तो अनेक माणसांचे चेहरे एकावर एक उमटवायचा, प्रत्येकाला अगदी जरासा प्रकाश देऊन. कधी एका कुटुंबाचे, कधी एका गावाचे. शेवटी जो चेहरा उरायचा, तो कुणाचाच नसायचा. कल्पना मूळची इंग्लंडच्या गाल्टनची, आणि माणसांचे ‘नमुने’ ठरवण्याचा त्यामागचा हेतू मला मुळीच पटत नाही. पण घरच्यांचा असा एक चेहरा केला तर? आमच्याकडे आजोबांचं नाक निघालं असतं, हे नक्की. ते तीन पिढ्या कुणाला सुटलेलं नाही. आत्याची हनुवटी टिकली असती. काकांची मिशी मात्र विरून गेली असती आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं असतं. सुना-जावयांना त्यात घ्यायचं की नाही, यावरून तर जेवणं थंड झाली असती. आई म्हणाली असती, ‘‘घ्या रे, एवढी वर्षं याच घरातलं मीठ खाल्लंय मी.’’

पतंगावरच्या कॅमेऱ्याला चेहरा दिसतच नाही. दिसते टाळू. ऊन कललं की प्रत्येकाच्या पायापासून लांब सावली निघते आणि माणसं तीवरून ओळखायची. कमरेवर हात ती आई. फताडे पाय टाकणारे काका. संध्याकाळी मोबाइलवर फोटो मोठा करून आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘माझा भांग वाकडा पडलाय, एवढं सांगायला कॅमेरा ढगात पाठवलास होय रे?’’

मलाही त्याच फोटोत शोधावं लागतं. एरवी घरच्या फोटोंत मी नसतोच, कारण कॅमेऱ्यामागे असतो. इथे दोराच्या खालच्या टोकाला हमखास सापडतो. आणि दिसतं गाव. रस्त्यानं चालताना गुहागर म्हणजे नुसती अंगणं आणि पडव्या. वरून कळतं की घरामागे विहीर, मग पोफळी, मग माड, अशी आगरं अरुंद पट्ट्यांनी थेट सुरूपर्यंत येतात.

आपल्या १९३४च्या विमान कायद्यानं विमानाची व्याख्या करताना फुगे आणि ग्लायडर यांच्या पंगतीला पतंगही बसवला होता. तेव्हा हौस असेल तर जरूर उडवा, पण विमानतळ आणि विजेच्या तारा यांच्यापासून लांब. आणि नायलॉनचा मांजा कुठेच नको.