मास्तरांची येळवस

नांदेडच्या सिडको भागातल्या एका गल्लीत एक जोडपं राहतं. नवऱ्याला सगळे ‘मास्तर’ म्हणतात, बायकोला ‘काकू’. मास्तर शाळेतले नव्हेत, एसटीतले. तीस वर्षं त्यांनी खांद्याला चामडी पिशवी अडकवून तिकिटं दिली; आधी पत्र्याच्या पेटीतली, पंचने टिकटिक करत, आणि शेवटच्या वर्षांत मशीनमधून. निम्मी नोकरी नांदेड–लातूर रस्त्यावर गेली. सहा किलोमीटरचा एक टप्पा, या हिशेबाने तो रस्ता त्यांना अजून पाठ आहे. कुठल्या फाट्यावर कोण हात करणार, हेही त्यांना सांगता यायचं.

काकूंचा संसार ड्यूटीच्या चार्टवर चालला. मुक्कामी गाडी असली की मास्तर रात्री कुठल्याशा गावच्या पारावर नाहीतर गाडीतच पथारी टाकणार आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परतणार. दिवाळीत जादा गाड्या, यात्रेत जादा गाड्या, लग्नसराईत तर रजेचं नावच नाही. आठवड्याच्या सुट्टीला दोघं फार तर गोदावरीवर जायची. नगीना घाटावर किंवा बंदाघाटावर तासभर बसायचं, मग सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकून लंगरमध्ये पंगतीला बसायचं. स्वयंपाकाला सुट्टी मिळायची, ती तेवढीच. १७०८ साली गुरू गोविंदसिंग याच नदीकाठी आले. इथे आश्रम करून राहणारा माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग होऊन पंजाबात लढायला गेला. त्याच साली ऑक्टोबरात गुरूंनी इथेच देह ठेवला. गुरुद्वाऱ्याची आजची संगमरवरी वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. पंजाबातून माणसं लांबचा प्रवास करून नांदेडला येतात. नांदेडच्या माणसाला हा गुरुद्वारा चालत्या अंतरावर आहे, आणि मास्तर-काकूंसारख्या जोडप्यांनी त्याचा आपल्या आठवड्याच्या गणितात नीट मान राखला आहे.

निवृत्तीनंतर मात्र काकूंनी एक गोष्ट ठरवून टाकली. मार्गशीर्ष अमावस्येची येळवस, म्हणजे रानात पूजा आणि पंगत करायचा सण, चुकवायची नाही. माहेरी, लातूरकडे, शेतात जायचं. आणि जायचं ते एसटीनेच.

“अहो, निघूलालाव का न्हाई?” काकू दारातून विचारतात.

“निघायलो की,” मास्तर म्हणतात.

इतक्या वर्षांनीही घरात ही दोन क्रियापदं शेजारी शेजारी नांदतात. नांदेड-परभणीकडे ‘करायलो, जायलो’, लातूरकडे ‘करूलालो, जाऊलालो’. मुलं दोन्ही बोलतात. लातूरच्या बोलीला कानडीचा शेजार आहे आणि तो जुना आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यातलं लट्टलूर म्हणजे आजचं लातूर. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा कानडी ग्रंथ झाला, आणि त्यात कानडी मुलखाची हद्द कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे काकूंचं माहेर आणि सासर, दोन्ही त्या हद्दीत आलं.

चतुर्दशीच्या सकाळी दोघं फलाटावर उभी राहतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. त्यामुळे काकूंचं अर्धं तिकीट, मास्तरांचं पूर्ण. ते पैसे मोजून देताना मास्तर ताठ उभे राहतात. गाडी सुटली की खिडकीची जागा काकूंची. मास्तरांना गाडीच्या गोष्टी सांगायला आवडतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–नगर रस्त्यावर धावली हे सगळ्यांना माहीत असतं. पण निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ सालीच २७ गाड्या घेऊन बससेवा सुरू केली होती, हे ते दरवर्षी नव्याने सांगतात. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला. त्याआधी इथला रस्ता हैदराबादच्या हिशेबाने चालायचा.

लोह्याला उतरून दोघं वाट वाकडी करतात आणि कंधारचा किल्ला बघून येतात. खंदकाने वेढलेला हा भुईकोट राष्ट्रकूटांचा मानला जातो. कंधारात सापडलेले क्षेत्रपालाच्या भल्यामोठ्या मूर्तीचे अवशेष पाहिले की अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज मनात मावत नाही. मास्तरांनी कंधारच्या शेकडो फेऱ्या केल्या, पण किल्ल्याच्या दरवाजातून आत ते पहिल्यांदा शिरले ते साठीला आल्यावर, काकूंबरोबर.

पुढे माळेगाव. नांदेड–लातूर रस्त्यावरच्या या गावात खंडोबाची यात्रा नेमकी येळवसीच्या तोंडावर भरते. मास्तरांच्या नोकरीतले सगळ्यात दमवणारे दिवस हेच. गाडीच्या टपावर माणसं, पायरीवर माणसं, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या नोटा. आता ते निवांत हिंडतात. घोड्यांचा बाजार, उंटांचा, गाढवांचा. तांबड्याभडक लाल कंधारी बैलांच्या दावणीपुढे ते थांबतात, तर काकू लातूरकडच्या काळ्या-पांढऱ्या देवणीची बाजू घेतात. कंधार आणि देवणी या दोन गावांनी देशाला दोन गोवंश दिले आहेत, आणि इथे त्यांची दावण जवळजवळ पडते. देवळासमोर वाघ्या-मुरळींचा घोष चालू असतो. खंडोबाच्या एका अंगाला वाण्याची म्हाळसा, दुसऱ्या अंगाला धनगराची बाणाई. ज्या येळकोटाने आसमंत दणाणतो त्या शब्दाची उकल ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, अशी करतात. पुन्हा कानडीच.

संध्याकाळी लातूर. मुक्काम काकूंच्या आतेबहिणीकडे, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी ही गोलाई आखली. मधली दुमजली वर्तुळाकार इमारत १९४५ ची, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ, आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफ्याचा रस्ता वेगळा, चपलांचा वेगळा, गूळ-मिरचीचा वेगळा. लातुरात वाट चुकली तर गोलाईला या, असं सांगतात. इतका देखणा आणि इतका उपयोगी चौक मराठवाड्यात दुसरा नाही.

रात्री जेवताना पाण्याचा विषय निघतोच. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, २५ लाख लिटरची. मास्तरांना यातला रस्ता महत्त्वाचा वाटतो. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: ही तर जुन्या बार्शी लाइट रेल्वेची वाट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शीत अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. लातूरच्या आडतीतला माल बाहेर नेणारी ती वाट शंभरेक वर्षांनी कृष्णेचं पाणी आत घेऊन आली. त्या उन्हाळ्यात काकू दर पंधरवड्याला माहेरी जायच्या, आणि प्रत्येक वेळी दोन कॅन भरून गाडीत मास्तरांच्या सीटखाली ठेवायच्या. नांदेडच्या घरात अजूनही भाज्या धुतलेलं पाणी झाडांनाच जातं.

अमावस्येला पहाटेच सगळं लातूर उठतं आणि नऊ-दहापर्यंत रिकामं होतं. बाजार बंद, शाळा बंद, डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं शेताच्या वाटेला. काकूंच्या भावाचं शेत औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला आहे. ज्वारी कमरेच्या वर, हरभरा घाटे धरतोय, करडईचे काटे पायाला लागतात. बांधाशेजारी कडब्याची कोप उभी केलेली. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पुढे नव्या मडक्यात आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आदल्या दिवशीच आंबवलेली, जिरं-लसणाची. पूजा झाली की एकाने आंबील घेऊन रानाच्या चारी बाजूंनी शिंपत जायचं आणि बाकीच्यांनी मागून आरोळ्या द्यायच्या.

मग पंगत. भज्जी हा या दिवसाचा राजा. वाल, तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, जी भाजी आणि जो दाणा रानात हाती लागेल ते सगळं शिजवून त्याला बेसन लावायचं. बरोबर उंडे, बाजरीच्या पिठाचे. वांग्याचं भरीत, गव्हाची खीर, तिळाची पोळी. नावाबद्दल दोन मतं आहेत. शेजारच्या बिदर-कलबुर्गीत हिला ‘एळ्ळ अमावस्या’ म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. दुसरे म्हणतात, हे ‘एळु’, सातवी अमावस्या. काकूंच्या वहिनी तिळाच्या बाजूने आहेत, कारण पोळी त्या लाटतात.

वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून पंगतीत बसवायचं, हा या दिवसाचा नियम. मास्तरांना तो नियम गाडीतून माहीत होता. येळवसीला त्यांना कधी रजा मिळाली नाही. दुपारची फेरी जवळजवळ मोकळी धावायची, आणि फाट्यावर गाडी थांबली की एखादी बाई खिडकीतून तांब्याभर आंबील आणि पानावर भज्जी पुढे करायची. ड्रायव्हर आणि मास्तर तिथेच गाडीला टेकून खायचे. त्या बायकांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत, पण फाटे सगळे आठवतात.

शेतातून दिसणारं गाव नवं आहे. रुंद, सरळ रस्ते, आखून दिलेले प्लॉट, सारखी घरं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बुडवून माणसं नुकती झोपली असताना धरणी हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं धाब्याचं ओझं झोपलेल्यांवर आलं. लातूर-धाराशिवकडची ५२ गावं जमीनदोस्त झाली. माणसं हजारोंनी गेली. पुनर्वसन झालं ते वेगळ्या जागी, म्हणून इथल्या बोलण्यात ‘जुनं गाव’ आणि ‘नवं गाव’ असे दोन शब्द आले. दुपारी उन्हं उतरली की काकू एकट्या जुन्या गावाच्या दिशेने थोडं चालत जातात. मास्तर मागे थांबतात. काकूंचं घर तिथे होतं.

अंधार पडताना पोरं कडब्याचे हेंडगे पेटवून पळत सुटतात. गावोगावचे जाळ लांबून दिसतात.

दुसऱ्या दिवशी निलंगा. बाराव्या शतकाच्या आसपासचं नीलकंठेश्वराचं देऊळ, तीन गाभाऱ्यांचं. एका गाभाऱ्यात शिव आणि पार्वती एकाच आसनावर आहेत, तिला त्याने मांडीवर घेतलेलं. हरगौरी. मराठवाड्यात शिवाची देवळं गावोगाव आहेत, पण बहुतेक ठिकाणी पिंडीपुढेच हात जोडायचे असतात. इथे देव संसारात बसलेला दिसतो. काकूंनी हळदीकुंकू वाहिलं, मास्तरांनी बाहेर येऊन कोरीव सुरसुंदरी पाहिल्या, आणि स्टँडजवळच्या गाड्यावर दोघांनी तिखट निलंगा राईस खाल्ला.

परतीचा रस्ता उदगीरवरून घेतला, तो किल्ल्यासाठी. खोल खंदक, आत उदागीर बाबांची समाधी. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी या मुलखात निजामाला गाठलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा बरोबर होत्या. ३ तारखेला निजामाचा मोड झाला आणि साठ लाखांचा मुलूख मराठ्यांच्या पदरात पडला. पुढच्याच महिन्यात भाऊ परतूरहून उत्तरेला निघाले ते पानिपतासाठी. पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी त्या परत फिरल्या, भाऊ नाही. नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. भाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये देहदंड झाला, तरी त्यांनी वाट पाहणं सोडलं नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तेव्हा दोघांचीही उत्तरक्रिया एकदम करण्यात आली.

मास्तरांनी ही हकिगत बुरुजावर बसून सांगितली. काकू बराच वेळ खंदकाकडे बघत होत्या.

“बावीस वर्षं,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरून उठल्या. “चला, गाडी चुकल.”

नांदेडची गाडी मिळाली तेव्हा दिवे लागले होते. वाहक पोरगेला, पंचविशीचा. “एक अर्धं, एक पूर्ण, नांदेड,” मास्तर म्हणाले आणि मोजून पैसे दिले. पोराने मशीन दाबता दाबता त्यांच्या उभं राहण्याकडे पाहिलं आणि विचारलं, “खात्यातले का?” मास्तरांनी मान हलवली.

“येळवसीला कुठं होतास रे?” काकूंनी विचारलं.

“लातूर–निलंगा. चार फेऱ्या.”

काकूंनी पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली, डब्याचं झाकण काढलं आणि दोन उंडे, तिळाची पोळी त्याच्या हातावर ठेवली. तो पुढच्या टप्प्यापर्यंत त्यांच्या सीटला टेकून उभा राहिला आणि खात राहिला.