होडीघराची वही

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, आमच्या अण्णांनी माझ्यापुढे एक दोनशे पानी वही ठेवली. पाडवा हा हिशेबाच्या नव्या वह्या सुरू करण्याचा दिवस, म्हणून मी हसतच ती उघडली. पहिल्या पानावर निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या वळणदार अक्षरात मथळा होता : ‘होडीघराचा खर्च’.

अण्णांचे वय तेव्हा ८१ होते. जन्म कोयनेच्या खोऱ्यातला. १९६० च्या दशकाच्या आरंभी धरणाचे पाणी चढू लागले आणि त्यांचे गाव बुडाले. भावकीतली काही घरे ठाणे-रायगडकडे पुनर्वसनात गेली, आम्ही मेढ्यास आलो. बामणोली-तापोळ्याला येणारे पर्यटक ज्या शिवसागर जलाशयाची छायाचित्रे काढतात, त्याच्या तळाशी आमचे अंगण आहे. काठावरच्या उतारावर मात्र ११ गुंठे वडिलोपार्जित जमीन सातबाऱ्यावर शिल्लक राहिली. तेथे खाली होडी ठेवण्याची शेड, वर एक खोली, पाण्यात उतरणारा लहानसा धक्का आणि स्वतःची यांत्रिक होडी, असा अण्णांचा बेत होता. शेड व खोली ६,५०,००० रुपये, होडी इंजिनासह २,२५,०००, धक्का ७५,०००, कागदपत्रे २५,०००, किरकोळ २५,०००, एकूण १०,००,०००. बँकेत त्यांच्या ठेवी होत्या १४ लाखांच्या. बेरीज अचूक होती.

मी वही मिटली आणि म्हणालो, “अण्णा, या वयात हे शक्य नाही.”

ते काही बोलले नाहीत. वही उचलून आत गेले. पुढील पंधरा दिवसांत त्यांचे सायंकाळचे फिरणे बंद झाले, जेवण निम्म्यावर आले आणि इतकी वर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब वर सरकला. मी गोळीची मात्रा वाढवण्याचा विचार करीत असताना पत्नी म्हणाली, “दवाखान्यात एखाद्याला तुम्ही तपासल्याशिवाय औषध देता का? मग अण्णांना न तपासताच नकार कसा दिलात?” तीस वर्षांच्या व्यवसायात इतके नेमके निदान माझे कोणी केले नव्हते.

त्या रविवारी मी अण्णांकडे वही मागितली, एका गवंड्याला बरोबर घेतले आणि आम्ही घाटाने बामणोलीकडे निघालो.

नोव्हेंबर संपत आला होता. पाणी आमच्या जमिनीच्या बरेच जवळ होते. होडीवाल्याने धक्क्याची जागा पाहिली आणि उताराच्या पार खाली बोट दाखवले. “गुरुजी, मे महिन्यात पाणी त्या खडकाच्या बी खाली जातंया. तुमची होडी शेडमध्ये आन् पाणी तिकडं.” कोयनेची पातळी पावसाळा संपताना आणि पुढच्या जूनच्या आरंभी यांत कित्येक वर्षी साठ-सत्तर फुटांहून अधिक फरक असतो. १०५ टीएमसी क्षमतेच्या या धरणालाही स्वतःचे अंदाजपत्रक आहे. त्याचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते, आणि पश्चिमेकडील वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी लवादाने ठरवून दिले आहे. ते पाणी आमच्या होडीसाठी थांबणार नव्हते. शेडपर्यंत पाणी येणार ते पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे होड्या बांधून ठेवण्याच्या दिवसांत. शिवाय आमची हद्द आणि पाणी यांच्यामधली पट्टी धरणासाठी संपादित झालेली, शासनाची. तेथे पक्के बांधकाम करताच येत नाही. अण्णांनी तिथेच दगडावर बसून धक्क्याच्या ओळीवर काट मारली.

घरी आल्यावर आम्ही वहीत दुसरा रकाना आखला : दरवर्षीचा खर्च. वाचकांपैकी ज्यांच्या मनात तळ्याकाठी, धरणाकाठी किंवा समुद्राकाठी निवृत्तीचे घर आहे, त्यांना माझी पहिली विनंती हीच, की हा रकाना आधी भरावा. घर एकदा बांधले जाते, परंतु आमच्या भागातला पाऊस दरवर्षी येतो. पावसाच्या माऱ्याच्या बाजूने आडोसे बांधणे, पत्रे, रंग व गंज यांसाठी २०,०००. इंजिनाची देखभाल आणि इंधन २४,०००. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक होडीची नोंदणी व तपासणी लागते, ती आणि विमा मिळून ९,०००. राखणदार दरमहा ६,००० प्रमाणे ७२,०००. बेरीज १,२५,०००. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे आठ वर्षांत आणखी एक होडीघर,” ते म्हणाले. उरलेले चार लाख जेमतेम तीन वर्षे पुरणार होते.

तिसरा रकाना मी आखला, आणि तो रुपयांचा नव्हता, मिनिटांचा होता. जमिनीपासून रस्त्यापर्यंत अण्णांच्या पावलांनी २० मिनिटे, तीही चढाची. तेथून कासमार्गे सातारा सुमारे ३५ किलोमीटर घाटरस्त्याने, पावसाळ्यात धुक्यातून. पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन आवश्यक असतो. हृदयविकारात तर प्रत्येक मिनिट मोलाचे. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करायचा तर आधी मोबाईलला रेंज हवी, आणि त्या उतारावर ती दोनच ठिकाणी मिळत होती. रात्री एकट्याने राहणे या रकान्यात बसेना. हे मात्र मी बोललो नाही. अण्णांनी स्वतः आकडे मांडले आणि स्वतःच वाचले. पाडव्याला मी दिलेला नकार आणि हा निष्कर्ष एकच होता, परंतु तो लादलेला आणि हा त्यांनी स्वतः काढलेला. घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा, असे मला वाटते.

चौथी गोष्ट राखीव निधीची. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. हे कार्ड जरूर काढून ठेवावे. तथापि ते संलग्न रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरची शुश्रूषा, रोजची औषधे, वाहन, मदतनीस यांचा भार आपल्यावरच राहतो. म्हणून किमान दोन वर्षांचा घरखर्च आणि एका मोठ्या आजारपणाची रक्कम सहज मोडता येईल अशा ठेवीत ठेवावी आणि मगच उरलेल्या पैशातून हौस करावी. भिंतींत घातलेला पैसा अडीअडचणीला रात्रीतून परत काढता येत नाही.

इतके झाल्यावर बेत मोडलाच असे मला वाटले. पुढच्या रविवारी त्याच होडीवाल्याची होडी ठरवून आम्ही पाण्यात गेलो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर अण्णांनी समोरच्या दोन डोंगरसोंडांकडे पाहून इंजिन बंद करायला सांगितले. होडी हलत राहिली. “इथं खाली आपलं अंगण,” ते म्हणाले. आजोबांना पुराच्या दिवसांत नदी ओलांडताना त्यांनी पाहिले होते, ते सांगितले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. परतताना म्हणाले, “मला तिथं राहायचं नाही रे. मला तिथं जाता आलं पाहिजे.”

हा प्रश्न मी पाडव्यालाच विचारायला हवा होता. राहण्याचा आणि जाण्याचा खर्च अगदी वेगळा असतो.

आम्ही उतारावर आमच्या हद्दीत, पत्र्याच्या छपराखाली एक दगडी कट्टा बांधला. बसायला पाठ टेकता येईल असा बाक, शेजारी कमोड असलेले लहान शौचालय, रस्त्यापासून कट्ट्यापर्यंत सोपा चढ आणि दोन्ही बाजूंना हाताला धरायला नळ्या. एकूण १,८५,००० रुपये. होडी विकत घेतली नाही. ऑक्टोबर ते मे महिन्यातून एक फेरी, २,००० रुपयांप्रमाणे आठ फेऱ्यांचे १६,०००. देखभाल होडीवाल्याची, आनंद आमचा.

फेरीचे काही नियम ठरले, ते वाचकांनाही उपयोगी पडतील. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हात बराच वेळ बसून एकदम उठल्यास भोवळ येते, आणि होडी नेमकी तेव्हाच हलते. म्हणून आधी पाय हलवायचे, मिनिटभर थांबायचे आणि आधार धरूनच उठायचे. मधुमेह असल्यास खिशात साखर असावी. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावे. चपलेऐवजी मागून पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घालावीत.

अण्णांचा रक्तदाब गोळी न वाढवता पूर्वीच्या जागी आला. याचे श्रेय मी होडीला देत नाही. सायंकाळचे फिरणे पुन्हा सुरू झाले होते आणि जेवणही. पण फिरणे का सुरू झाले, हे मला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा तो चढ चढण्याइतके पाय तयार ठेवायचे होते.

गेल्या मे महिन्यात त्यांचा गुडघा सुजला आणि आठवी फेरी राहिली. मला वाटले, आता ते खचतील. १ जूनला, धरणाचे नवे वर्ष सुरू झाले त्या दिवशी, त्यांनी वहीचे नवे पान उघडले. मी मागून डोकावलो. पहिल्याच ओळीत लिहिले होते : ‘मागील शिल्लक, फेरी १. पुढे ओढली.’