अब्बांचं घड्याळ

आम्हा तिघा भावंडांना आठवतं तेव्हापासून अब्बांच्या मनगटावर एकच घड्याळ होतं, एचएमटी जनता. लूम बंद पडले त्या वर्षी धाकटीच्या फीसाठी ते विकलं गेलं. अब्बा त्याविषयी कधी बोलले नाहीत. वेळ विचारली की मात्र अजूनही आधी मनगटाकडे बघतात, मग भिंतीकडे.

धाकटीला नोकरी लागली तेव्हा ठरलं, ईदला अब्बांना तेच घड्याळ द्यायचं. पण नवं मिळणार कुठून? १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा धंदा सरकारने २०१६ मध्ये बंद करायचं ठरवलं. मग जुनंच शोधायचं, आणि दोन हजारांत.

एका शुक्रवारी दिघाशीहून एसटीने भिवंडी, पुढे ठाणे आणि लोकलने सँडहर्स्ट रोड. जुम्मा पढून चोर बाजारात शिरलो. पहिल्याच दुकानदाराने लालभडक डायलचं घड्याळ काढलं, कोरं करकरीत. भाईजान तर भुललेच! पण भिवंडीच्या आमच्या घड्याळजींनी बजावून पाठवलं होतं : जुन्या घड्याळाची डायल नवी दिसली तर समजा रंगवलेली आहे. डाग चालतील, गंज चालणार नाही. झाकण उघडायला लावा, मशीनवर एचएमटीची खूण बघा. चावी देताना हाताला खरखर लागता कामा नये. घड्याळ उताणं ठेवा, पालथं ठेवा, आतलं चाक दोन्हीकडे सारखं झुललं पाहिजे.

सोनेरी केसचंही एक छान होतं. पण पुरुषाने सोनं घालू नये, आणि अब्बांना तर सोन्याचा नुसता रंगही खपत नाही. ते बाजूला ठेवलं.

शेवटी मिळालं ते पिवळट पडलेल्या डायलचं, सतरा ज्वेलचं जनता. सगळ्या परीक्षांत पास. अडचण एकच. मागच्या झाकणावर एका माणसाचं नाव कोरलेलं होतं आणि खाली १९७९. निवृत्तीची भेट असावी. दुकानदार म्हणाला, “घासून देतो, पाच मिनिटांचं काम.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्याने हे विकलं, त्याच्याही घरात कुणाची फी भरायची असेल. नाव राहू दिलं. बाराशेला सौदा झाला, साफसफाईला साडेचारशे गेले.

ईदच्या नमाजानंतर अब्बांनी ते हातात घेतलं, कानाला लावलं, पालटलं. चष्मा काढून नाव वाचलं.

“हयात असतील का हे?”

आम्हाला काय ठाऊक. अब्बांनी हात उचलून त्या अनोळखी माणसासाठी दुआ केली, मगच पट्टा बांधला. आता रोज फजरनंतर चावी देतात. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. घड्याळजींकडे नेऊ म्हटलं तर देत नाहीत.