बैगांच्या मुलखातला समाजसेवक

बालाघाट म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला मराठवाड्यातली डोंगररांग आठवते. हा बालाघाट तो नव्हे. गोंदिया सोडून उत्तरेला निघालो की लागणारा, वैनगंगेच्या काठचा, मध्य प्रदेशातला हा जिल्हा. 1867 साली इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो बनवला. खालच्या सखल भागात धानाची शेती, पोवार, लोधी, मरार असे कष्टाळू शेतकरी आणि बाजारात मराठीची नातलग वाटावी अशी पोवारी बोली. पण घाट चढून बैहरकडे गेले की मुलूख बदलतो. सालाची जंगले सुरू होतात, गोंडांची गावे लागतात आणि गावापासून जरा अलग, रानाला चिकटून बैगांचे टोले दिसू लागतात. कान्हाच्या अभयारण्याचे मुक्कीचे दार याच बाजूला. वाघ पाहायला जाणारे आपले गोंयकारही तिथवर पोचतात; बैगांकडे मात्र गाडीच्या काचेतूनच पाहतात.

मी हे लिहायला बसलो त्याला निमित्त अमेरिकेचे आहे. तिथे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना 'आफ्रिकाकेंद्री' पद्धतीचे प्रशिक्षण देतात, त्याबद्दल थोडे वाचत होतो. वाचता वाचता सारखा बैहरच आठवू लागला.

तिकडची गोष्ट आधी सांगतो. 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोत समाजकल्याणाची मोठी राष्ट्रीय परिषद भरली होती. तिथून कृष्णवर्णीय कार्यकर्ते उठून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. त्यांचे म्हणणे साधे होते. आमच्या लोकांची दुःखे तुम्ही तुमच्या मापाने मोजता. तुमच्या पुस्तकातले 'निरोगी कुटुंब' म्हणजे गोरे, मध्यमवर्गीय, आई-बाप आणि दोन मुले. आमच्या घरात आजी असते, मावशी असते, शेजारीण असते, चर्चमधली म्हातारी असते. तुम्हाला ते घर मोडलेले दिसते. तीनच वर्षांपूर्वी, 1965 साली, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा सरकारी अहवाल आला होता आणि काळ्या समाजाच्या दुरवस्थेचे मूळ त्यांच्या कुटुंबाच्या विस्कटलेपणात आहे असा त्याचा सूर होता. उत्तर म्हणून 1972 साली रॉबर्ट हिल यांनी काळ्या कुटुंबांच्या बलस्थानांवर पुस्तक लिहिले. 1980 मध्ये मोलेफी केटे असांटे यांनी 'आफ्रोसेंट्रिसिटी' हा शब्दच ग्रंथाच्या नावात घातला, आणि 2000 साली जेरोम शील यांनी तो विचार समाजकार्याच्या अभ्यासक्रमात कसा उतरवायचा ते मांडले. माणूस एकटा नसतो, समूहाचा असतो. अध्यात्माला वगळून त्याचे भले करता येत नाही. आणि भावनेतून कळलेलेही ज्ञानच असते. सार एवढेच. आपल्याला यात नवे काही वाटणार नाही. पण अर्जाचे रकाने भरणाऱ्या खात्याला हे शिकवणे सोपे नाही.

आता गंमत पाहा. 1939 साली दोन जाडजूड पुस्तके आली. अमेरिकेत ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांचे निग्रो कुटुंबावरचे, आणि इकडे व्हेरियर एल्विन यांचे 'द बैगा'. फ्रेझियर स्वतः कृष्णवर्णीय, विसाच्या दशकात अटलांटाच्या समाजकार्य विद्यालयाचे संचालक. गुलामगिरीने आफ्रिकेची संस्कृती पार पुसून टाकली, तेव्हा मागे पाहण्यात अर्थ नाही, हे त्यांचे मत. मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स या गोऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने 1941 मध्ये नेमके उलट सांगितले की आफ्रिका अजून जिवंत आहे, गाण्यात, प्रार्थनेत, नात्यागोत्यांत. आपल्याकडे याच वर्षांत तोच वाद रंगला. एल्विन म्हणत की बैगांना त्यांच्या रानात त्यांच्या रीतीने जगू द्या, आणि 'द बैगा'त त्यांनी बैगांसाठी राखीव मुलखाची कल्पनाही मांडली. त्याला उत्तर देणारे गो. स. घुर्ये आपल्या शेजारचे, मालवणचे. 1943 च्या पुस्तकात त्यांनी ठासून सांगितले की हे वेगळे 'आदिवासी' वगैरे कोणी नाहीत, हे मागासलेले हिंदूच आहेत. ठक्करबाप्पांसारखे सेवाव्रती कार्यकर्तेही आदिवासींना देशाच्या सार्वजनिक जीवनात मिसळवण्याच्याच बाजूचे. दोन खंडांत एकाच वेळी एकच प्रश्न चालू होता आणि मला नाही वाटत की या दोन टोळक्यांना एकमेकांची फारशी खबर होती.

एल्विन यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्याबरोबर 1932 साली मैकल डोंगरातल्या करंजियाला जाऊन राहिलेले शामराव हिवाळे मात्र आपण विसरलो. दोघांची भेट पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातली. एल्विन 'बडा भाई' आणि शामराव 'छोटा भाई'. दोघांनी मिळून गोंड सेवा मंडळ उभे केले. ग्रंथ एल्विनच्या नावावर जमत गेले. शाळा, दवाखाना, धान्य, भांडणे ही बाजू बव्हंशी शामरावांनी सांभाळली. पुढे एल्विन ईशान्येला गेले, हे मागे मंडलाकडच्या कामातच राहिले. प्रधान या गोंडांच्या भाट-गायक जमातीवर 1946 मध्ये त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला अमेरिकन गुरूंची नावे पाठ असतात, तशी ही एका मराठी माणसाची कहाणीही पाठ्यक्रमात असायला हरकत नव्हती.

एल्विनना देव्हाऱ्यात बसवायचे मला कारण नाही. त्यांनी एका गोंड मुलीशी लग्न केले आणि 1949 मध्ये काडीमोड घेतला. तिच्या वाट्याला पुढे काय आले ते फार गोड नाही. एखाद्या समाजाची गाणी पाठ असणे आणि त्या समाजातल्या एका माणसाशी न्यायाने वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रशिक्षणवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

बैगांचे दुःख नेमके काय होते? ते बेवर करीत. म्हणजे डोंगर-उतारावरची झाडे तोडायची, वाळवायची, जाळायची आणि त्या राखेत कोदो, कुटकी आणि आणखी कितीतरी धान्ये मिसळून टाकायची. दोन-तीन वर्षांनी जागा सोडून द्यायची, रान परत वाढते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांवरची कुमेरी आठवा; तीच पद्धत. फरक इतकाच की बैगांकडे त्यामागे श्रद्धा होती. नांगर लावणे म्हणजे धरतीमातेची छाती चिरणे. पहिला माणूस नंगा बैगा आणि पहिली बाई नंगी बैगिन. हे रान देवाने त्यांच्या हाती सोपवलेले. इंग्रजांच्या जंगलखात्याला इमारती लाकूड हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेवर बंद करत आणले, कुऱ्हाडी काढून घेतल्या, नांगर हाती दिले, आणि 1890 मध्ये मंडला जिल्ह्यात 'बैगा चक' नावाचा तुकडा तेवढा राखून ठेवला. बालाघाटच्या बैगांना तोही नाही. पुढे कान्हा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प आला आणि गाभ्यातली गावे उठली. वाघाचे तोंड मंत्राने बांधणारा म्हणून ज्याला गोंडही मान देत, गावाची शीव ज्याच्या शब्दाने ठरे, त्यालाच वाघासाठी घर सोडावे लागले.

आणि या माणसाला खात्याच्या भाषेत विशेषण कोणते? आळशी. मॉयनिहनच्या अहवालाशी याची सोयरीक मला इथे दिसते. आधी जगण्याचे साधन काढून घ्यायचे आणि मग उरलेल्या माणसाचा स्वभाव तपासायचा.

समाजकार्याचे शिक्षण या भागात पोचलेले नाही असे नाही. 2015 पासून मध्य प्रदेशात गटपातळीवर सामुदायिक नेतृत्वाचा समाजकार्य पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. चित्रकूटच्या ग्रामोदय विद्यापीठाची पदवी, वर्ग रविवारी. मुंबईच्या टाटा संस्थेने त्याआधीच दलित व आदिवासी अभ्यास आणि कृती हा वेगळा पदव्युत्तर वर्ग काढला होता, आणि तिथल्या काही अध्यापकांनी परदेशी पाठ्यपुस्तके बाजूला सारून जातीला सामोरे जाणारे समाजकार्य शिकवायचा आग्रह धरला. आपल्या सॅन फ्रान्सिस्कोचे हे भावंड. तसेही आपले आणि त्यांचे नाते जुने आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यविमोचकांना अर्पण केली, आणि 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यु बॉईसना पत्र लिहिले.

बैहरला मला एक बैगा मुलगी भेटली. समाजकार्याची पदवी घेऊन ती गावोगाव पाहण्या करायची. तिने मला तिच्या कामातला एक फॉर्म दाखवला. त्यात घरातल्या प्रत्येक माणसासमोर 'काम करतो / करत नाही' असा रकाना होता.

"सर, आजी सकाळी रानात गेली. पिहरी आणली, कांदे खणून आणले, झाडूचे गवत आणले. मी काय लिहू?"

"काम करते म्हणून लिहा," मी म्हणालो.

"मग पुढे विचारतात, मजुरी किती? मजुरी शून्य. शून्य लिहिले की मशीन आपोआप 'करत नाही' घेते. समासात लिहून दिले होते. साहेब म्हणाले, समास कोणी वाचत नाही."

तिची आजी कपाळापासून पायापर्यंत गोंदलेली. ही मुलगी कोरी. तिने गोंदवून घ्यायला नकार दिला होता, आणि घरात त्यावरून पुष्कळ रडारड झाली होती. मेल्यावर सोबत येते ते एवढेच, असे आजीचे म्हणणे. मी विचारले, तर तिने शांतपणे सांगितले, "ते आमचे आहे म्हणून मला आवडते. दुखते म्हणून मला नको." आफ्रिकाकेंद्री विचारावर घेतला जाणारा सर्वांत वाजवी आक्षेप तिने चार शब्दांत बसवला. संस्कृती केंद्रस्थानी ठेवायची, ठीक. पण केंद्रस्थानी नेमके कोण उभे राहणार? आजी, की ही?

दारूचेही तसेच. मोहाची दारू देवाला चढवल्याशिवाय बैगांचा जन्म होत नाही, लग्न होत नाही, मरण होत नाही. बाहेरून आलेला कार्यकर्ता बाटली पाहून 'व्यसन' लिहितो आणि चुकतो. पण त्याच दारूने घरे बसतात हेही तिने दाखवले, आणि संस्कृती म्हणून त्यावर पांघरूण घालायला ती तयार नव्हती. गुनियाकडे झाडफूक करायला जाणाऱ्या बाईला ती अडवत नाही. ताप तीन दिवस राहिला तर गुनियालाच सोबत घेऊन दवाखान्यात जाते. ही युक्ती तिला कोणत्याही पुस्तकात मिळालेली नव्हती.

तिच्याशी बोलताना 1979 चा हुकूम निघाला. 'आदिम' जमाती नामशेष होऊ नयेत म्हणून मध्य प्रदेश सरकारने बैगांसह अशा जमातींच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेवर निर्बंध घातले. हेतू चांगला असेल. पण पाच-सहा बाळंतपणांनी थकलेली बैगा बाई दवाखान्यातून परत पाठवली जाऊ लागली, कारण तिची जात टिकवायची होती! छत्तीसगड वेगळे झाले तरी तिथे तो हुकूम चालूच राहिला. शेवटी बैगा माणसेच न्यायालयात गेली, आणि 2018 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. एल्विनना राखीव मुलूख हवा होता. खात्याने राखीव गर्भाशय केले. या चाळीस वर्षांत कोणी एका बैगा बाईला विचारले असते, तरी पुरे होते.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. शेजारच्या दिंडोरीत 2015 मध्ये बैगा चकातल्या सात गावांना वनहक्क कायद्याखाली 'अधिवासाचा हक्क' मिळाला. देशात असा पहिलाच. त्यासाठी रान कुठून कुठवर आपले, देव कुठे, कंद कुठे, हे बैगांनीच सांगायचे होते. तिथे आजीच्या ज्ञानाला रकाना मिळाला.

निघताना मी तिला आपल्या काणकोणच्या वेळीप लोकांबद्दल सांगितले. त्यांचा जल्मी, त्याचे गाऱ्हाणे, बंद झालेली कुमेरी, आणि 2003 मध्ये मिळालेला अनुसूचित जमातीचा दाखला. तिने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "त्यांच्यातले कोणी फॉर्म भरायचे काम करते का?"

करतात, मी म्हणालो.

"मग त्यांचा फॉर्म कोण बनवते?"